दुधीची लो-कार्ब ब्राउनी: ओव्हन लावण्याआधी काय काय हवं

सगळ्यात आधी एक पातळ सुती फडकं धुऊन, वाळवून ओट्यावर ठेवा. दुधी पिळायचा राहिला तर बाकी सगळं नीट करूनही ब्राउनी वाया जाते. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं: कडा भाजल्या आणि मधे गिच्च गोळा.

दुधी कोवळा, साधारण 500 ग्रॅमचा. किसण्याआधी कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. त्या कडवटपणातलं कुकरबिटासिन विषारी असतं, भाजूनही जात नाही आणि कोकोच्या चवीत कळणारही नाही. साल आणि मधला बियांचा मऊ गर काढा, मग बारीक किसणीवर किसा. जाड किसाचे धागे मुलं लगेच ओळखतात. 300 ग्रॅम किसाला पाव चमचा मीठ लावून 15 मिनिटं थांबा आणि पिळा. मुठीत दाबून भागत नाही, फडक्यात बांधून पीळ द्यायचा. नंतर वजन करा, 150 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. 200 भरलं तर परत पिळा. मैद्यातला स्टार्च जादा पाणी धरून ठेवतो. बदामाच्या पिठात स्टार्च जवळपास नसतोच, त्यामुळे ते पाणी मधेच साचतं. वेळ वाढवून ते सुकत नाही, कडा तेवढ्या करपतात.

बदामाचं पीठ 150 ग्रॅम. घरी करणार असाल तर सोललेले, खडखडीत वाळलेले बदाम मिक्सरला थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटतं. कोको 40 ग्रॅम, बिनसाखरेचा. ड्रिंकिंग चॉकलेट अजिबात नको. एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पूड) 100 ग्रॅम, दळून, नाहीतर गार झाल्यावर दाताखाली कचकचतं. गूळ, खजूर, मध घातलात तर लो-कार्ब म्हणू नका. 'शुगर फ्री' चॉकलेटचं वेष्टण वाचा: माल्टिटॉल (हाही साखरेऐवजीचाच गोड पदार्थ) असेल तर रक्तातली साखर वाढते. बीट-गाजरातली कर्बोदकं दुधीच्या दुपटीहून जास्त, म्हणून इथे दुधीच.

अंडी 3, फ्रिजमधून आधीच काढलेली; गार अंड्यांनी 80 ग्रॅम वितळलेलं लोणी थिजतं. बेकिंग पावडर एक चमचा. मीठ आता नको, किसात आहे. कीस पिळलाय ना? परत एकदा पिळा, थेंब निघतोच.

8 इंची चौकोनी टिन, बटर पेपर. ओटीजी 170 अंशांवर 10 मिनिटं आधी लावा. ओलं-कोरडं एकत्र करून कीस शेवटी घाला. 25 ते 28 मिनिटं. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका, भुगा होतो. मग फ्रिजमध्ये, 3-4 दिवस.