दिलजीत दोसांझ कुठून सुरू करायचा? नागपूरकरांसाठी एक क्रम

आपल्याकडे वरात मंडपाजवळ आली की धुमालवाला नाहीतर डीजेवाला एक तरी पंजाबी गाणं वाजवतोच, नवरदेवाचे काका पण दोन्ही हात वर करून नाचून घेतात, पण गाणं कोणाचं म्हणून विचारलं तं कोणाला सांगता येत नाही. पंजाबी गायक-नट दिलजीतचं नाव आता सगळ्यांना माहीत झालंय, ते पण बहुतेकांना कॉन्सर्टच्या रील्समुळे, आणि मग लोक विचारून राहिले की याचं बघायचं काय, ऐकायचं काय. तर हा माझा क्रम घ्या. एक गोष्ट आधीच सांगतो, हिंदी पिक्चरांपासून सुरू करू नका. हिंदीत हा माणूस बरेचदा चार जणांतला एक असतो, पंजाबीत मात्र अख्खा पिक्चर एकटा ओढतो, आणि त्याची खरी गंमत तिथेच आहे.

सुरू करायच्या आधी थोडं मागचं माहीत असू द्या, नाहीतर गायक पिक्चरात काहून आला हेच समजत नाही. गाणारा नट आपल्याला काही नवीन नाही, बालगंधर्वांपासून झाडीपट्टीच्या नाटकापर्यंत स्टेजवर उभं राहून गाणारे आपण पाहिलेत. पंजाबात हिशोब थोडा वेगळा आहे. तिथे गायक आधी गावोगावच्या अखाड्यांतून, म्हणजे लग्नाच्या नाहीतर मेळ्याच्या स्टेजवरून, स्वतःचं पब्लिक तयार करतो, कॅसेट-अल्बम निघतात, आणि मग प्रोड्युसरला तयार पब्लिकवाला हिरो आयताच मिळतो. गुरदास मान यांनी ही वाट आधीच धरली होती, पण 2002 मध्ये हरभजन मानचा 'जी आयां नूं' आला आणि मरगळलेल्या पंजाबी सिनेमाला पुन्हा धंदा दिसला. तेव्हापासून तिथला मोठा हिरो म्हणजे बहुतेक गायकच, गिप्पी ग्रेवाल घ्या, अमरिंदर गिल घ्या, अ‍ॅमी विर्क घ्या. दिलजीत याच रांगेतला, फक्त तो रांगेच्या बराच पुढे निघून गेला.

जन्म 1984 चा, जालंधर जिल्ह्यातल्या दोसांझ कलां गावचा, वडील पंजाब रोडवेजमध्ये. लहानपणीच मामाकडे लुधियान्याला गेला, तिथे गुरुद्वारात कीर्तन गायला लागला. हे कीर्तनाचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पहिला अल्बम 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतला, मग 2005 चा 'स्माइल', 2009 मध्ये हनी सिंगसोबत 'द नेक्स्ट लेव्हल'. हे अल्बम आता अख्खे ऐकायची गरज नाही, दोन-तीन गाणी ऐका, आवाज तेव्हा किती पातळ आणि घाईचा होता ते कळेल, बस झालं.

आता पहिला पिक्चर. पहिला म्हणजे त्याने केलेला पहिला नाही बरं, तुम्ही पाहायचा पहिला. हिरो म्हणून त्याचा पहिला होता 2011 चा 'द लायन ऑफ पंजाब', तो साफ आपटला, पण त्यातलं 'लक 28 कुडी दा' जोरात चाललं, म्हणजे पिक्चर पडला आणि गायक उभा राहिला. तो सोडून द्या. तुम्ही लावा 2012 चा 'जट्ट अँड ज्युलिएट', दिग्दर्शक अनुराग सिंग, सोबत नीरू बाजवा. फतेह सिंग नावाचा पोरगा, डोक्यात एकच भूत की काहीही करून कॅनडाला जायचं आणि तिथल्या पोरीशी लग्न करून तिथलंच व्हायचं. स्टोरी तुम्हाला अर्ध्या तासात ओळखता येते, त्यात काही नाही, पण याची बोलायची पद्धत पाहा. वाक्य सरळ पूर्ण करत नाही, शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबतो, नजर बाजूला नेतो आणि मग तो शब्द असा टाकतो की समोरचा आधी हसतो आणि अर्थ त्याला मागून लागतो. गाण्यात समेवर यायला जसं थांबतात तसंच आहे हे, आणि माझं तर मत पक्कं आहे की याची कॉमेडी अ‍ॅक्टिंगमधून आलेली नाही, तालातून आली आहे. म्हणून भाषा पूर्ण कळत नसली तरी हसू येतं.

भाषेचं म्हणाल तर घाबरू नका. सबटायटल चालू ठेवा, दा-दी-दे म्हणजे आपलं चा-ची-चे एवढं डोक्यात बसलं की वीस मिनिटांत कान लागतो. फक्त एप्रिल-मे मध्ये हॉलमध्ये कूलर फुल स्पीडवर ठेवून टीव्हीच्या स्पीकरवर पाहू नका, याचे अर्धे जोक हळू आवाजात असतात, कूलर ते खाऊन टाकतो. हेडफोन लावा नाहीतर रात्री कूलर स्लो करून पाहा.

दुसरा नंबर 'पंजाब 1984', साल 2014. दिग्दर्शक तोच अनुराग सिंग, पण इथे हसू औषधालाही नाही. दंगल-दहशतीच्या काळात गायब झालेला मुलगा आणि त्याला शोधत फिरणारी आई, आईच्या रोलमध्ये किरण खेर. याला सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. हा पिक्चर 'जट्ट अँड ज्युलिएट'च्या लगेच नंतर पाहायचा, मध्ये गॅप घेऊ नका, म्हणजे दोन वर्षांत त्याच माणसाने काय केलं ते दिसतं. जेवता जेवता पाहायचा नाही मात्र. 2015 चा 'सरदारजी' याच्यानंतर येतो, त्यात भूत पकडायची भानगड आहे, घरात पोरं असतील तर त्यांच्यासोबत पाहा, नाहीतर राहू द्या.

आता हिंदी. 2016 चा 'उडता पंजाब', याच्यासाठी फिल्मफेअरचं पदार्पणाचं अवॉर्ड मिळालं त्याला. शाहिद, आलिया, करीना असे सगळे असून मला तर त्यातला हा पोलिसवाला, एएसआय सरताजच लक्षात राहिला, कारण तो काही मोठं करायला जातच नाही. 2018 चा 'सूरमा' हॉकीपटू संदीप सिंगवर, तिथे मात्र हाच हिरो आहे. 'गुड न्यूज' टाइमपास. आणि पगडीकडे लक्ष द्या. हिंदी पिक्चरात सरदार म्हटलं की वर्षानुवर्षं एकतर विनोदाला नाहीतर हिरोचा मित्र, हा गडी पगडीसकट हिरो झाला आणि फॅशनवाला पण झाला, हे छोटं काम नाही.

मग सगळ्यात शेवटी, मुद्दाम शेवटी, 'अमर सिंग चमकीला', एप्रिल 2024, नेटफ्लिक्सवर, इम्तियाज अलीचा, संगीत ए. आर. रहमान. चमकीला हा खरा गायक, अखाड्यांचा राजा, गाणी अशी की लोक लपून ऐकायचे, आणि 8 मार्च 1988 ला पंजाबातल्या मेहसमपूरला तो आणि त्याच्यासोबत गाणारी बायको अमरजोत, दोघांनाही गोळ्या घालून मारलं. दिलजीत आणि अमरजोत झालेल्या परिणीती चोप्राने यातली अखाड्याची गाणी शूटिंगच्या वेळी सेटवरच लाइव्ह गायलीत, नुसते ओठ हलवलेले नाहीत. एक अखाड्याचा सीन निवडा आणि दोनदा पाहा, पहिल्यांदा नुसता चेहरा, दुसऱ्यांदा डोळे मिटून. हातात एका तारेची तुंबी, बाजूला ती, ओळ तिच्याकडून याच्याकडे येते तेव्हा हा श्वास कुठे घेतो ते ऐकू येतं. वर कीर्तन लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी, कॉलर माइक-बिइक नसताना गर्दीत बसून गायलेल्या माणसाचा गळा आहे हा. आधी हाच पिक्चर पाहिला असता तं चांगली अ‍ॅक्टिंग एवढंच वाटलं असतं.

गाण्यांसाठी 2020 चा 'गोट' अल्बम, गाडीत लावायला एकदम जबरदस्त, आउटर रिंग रोडवर रात्री लावा, फक्त स्पीड पाहा बापा. त्याच्या मागोमाग 2021 चा 'मूनचाइल्ड एरा'. 2023 मध्ये अमेरिकेतल्या कोचेला फेस्टिवलला पंजाबीत गायला, त्याच्या क्लिप सापडतील, काळा कुर्ता, तंबा म्हणजे पंजाबी लुंगी, आणि पगडी, तो सेट अख्खा पाहा.

कॉन्सर्टचं स्वप्न असेल तर आपली सोय कमी आहे. 2024 च्या दिल-ल्युमिनाटी टूरच्या यादीत नागपूर नव्हतंच, पुणे, हैदराबाद आणि इंदूर हेच त्यातल्या त्यात जवळचे. तिकिटं बघता बघता संपतात, म्हणून पुढच्या वेळी आधी तिकीट हातात घ्या आणि मगच ट्रॅव्हल्सचं नाहीतर ट्रेनचं बुकिंग करा, उलटं केलं तर नुसतं पुणं फिरून याल.

एवढं सगळं झालं आणि तरी पंजाबी पिक्चरची भूक राहिली असेल तर दिलजीत बाजूला ठेवून 2015 चा 'अंग्रेज' लावा, अमरिंदर गिलचा, फाळणीच्या आधीचं गाव आहे त्यात, आणि अ‍ॅमी विर्कचा तो पहिलाच पिक्चर आहे.