इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावात लग्न करताय? या चुका टाळा

११ डिसेंबर २०१७ ला विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न तस्कनीतल्या बोर्गो फिनोक्किएतोत लागलं आणि आपल्याकडच्या घरांतही अशा जुन्या दगडी गावांचा विषय निघायला लागला. मग जागेला आगाऊ रक्कम जाते, कागदांची आठवण मागाहून येते. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

इटलीत कायदेशीर लग्न लावतो तो गावचा महापौर किंवा त्याने नेमलेला अधिकारी. परदेशी जोडप्याला त्यासाठी 'नुल्ला ओस्ता' लागतं, म्हणजे लग्नाला अडथळा नाही असं आपल्या देशाचं पत्र. भारतीयांना ते रोममधला दूतावास किंवा मिलानमधला वाणिज्य दूतावास देतो. इथून नेलेल्या दाखल्यांना अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि इटालियन भाषांतर हवं. आपली खरी अडचण नावात आहे. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, जन्मदाखल्यावर नुसतं बाळाचं नाव, मार्कलिस्टवर आडनाव आधी. तिथला कारकून अक्षर न् अक्षर ताडून बघतो, त्यामुळे दुरुस्त्या इथूनच, सहा महिने आधी करून घ्या. वधूचा घटस्फोट झालेला असेल तर पुन्हा लग्नाआधी ३०० दिवस थांबण्याच्या अटीबद्दलही आधीच विचारा.

कागद वेळेत होणार नसतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली इथेच नोंदणी करा (नोटिशीचे ३० दिवस धरा) आणि तिथे फक्त अंतरपाट नि सप्तपदी ठेवा. मला हाच मार्ग जास्त निर्धोक वाटतो. मात्र तिथल्या आयोजकांना हे स्पष्ट सांगा, कारण विवाहित जोडप्याचं कायदेशीर लग्न तिथे पुन्हा लागत नाही. लग्न तिथेच नोंदवलंत तर विवाहाचा उतारा अपोस्टिल करून घेतल्याशिवाय परतू नका.

मुहूर्त पुण्याच्या पंचांगातून उचलू नका. उन्हाळ्यात साडेतीन तास वजा केले की झालं, असं नसतं; गुरुजींना गावाचं नाव देऊन तिथल्या सूर्योदय-सूर्यास्तावरून काढून घ्या. जूनमध्ये तस्कनीत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे गोरज मुहूर्त धरला की मंगलाष्टकं साडेनऊपर्यंत जाणार, आणि उघड्यावरच्या संगीताला बऱ्याच गावांत रात्रीची मर्यादा असते. होमाचंही तसंच: वणव्याच्या भीतीने उन्हाळ्यात उघड्यावर जाळ करण्यावर बंधनं येतात. जागेच्या मालकाकडून होमाची परवानगी लेखी घ्या.

आणि चढ! चिविता दि बान्योरेज्योला गाडी पोचतच नाही. सुमारे ३०० मीटरचा पादचारी पूल, शेवटी चांगलाच चढता, एवढाच रस्ता. इतर गावांतही जुन्या भागात 'झेड-टी-एल' असतं: परवान्याशिवाय गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरी येतो. पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर हॉटेलकडे आधी द्या. आजी-आजोबा जिथे पोचू शकत नाहीत ते गाव कितीही सुंदर असलं तरी निवडू नये, असं मला मनापासून वाटतं. जागा बघायला जाल तेव्हा वाहनतळापासून मंडपापर्यंत तुम्ही स्वतः चाला, आजीच्या चालीने.