गोव्यात डिचोलीकडच्या एखाद्या वाड्यावर राहायला येताय? मग एवढं करून या

लोक पहिला प्रश्न अंतराचाच विचारतात, पणजी किती, म्हापसा किती. मी वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका छोट्या वस्तीत, राहायला आलो त्याला सहा पावसाळे झाले आणि आता मी किलोमीटर सांगतच नाही, कारण आमच्यापासून डिचोली स्कूटरने पंधरा मिनिटं, पण ती नोव्हेंबरातल्या दुपारी. जूनमध्ये रात्री नऊ वाजता लाईट गेलेली, वळणावर अकेशियाचं झाड आडवं पडलेलं, मोबाईलला एक काडी रेंज, तेव्हा ती पंधरा मिनिटं सकाळपर्यंत लांबतात. शहर जवळ आहे म्हणून गावात घर घेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. जवळ आहेच, पण रोज नाही आणि सगळ्या वेळी नाही.

म्हणून घर भाड्याने घ्या की विकत, आधी तीनदा बघायला या. एकदा संध्याकाळी शेवटच्या बसने, गाडी घरी ठेवून. म्हापसा-डिचोली, पणजी-साखळी अशा मोठ्या रूटवर बसेस भरपूर आहेत, पण मेन रोड सोडून आत वाड्यापर्यंत येणाऱ्या मोजक्याच, रविवारी त्यातल्याही काही धावत नाहीत. टाइमटेबल शोधत बसू नका, कंडक्टरलाच विचारा, आणि त्याच्याशी ओळख ठेवा. माझ्या आईची बीपीची गोळी संपली होती तेव्हा फार्मसीवाल्याने पुडी बांधून कंडक्टरच्या हातात दिली आणि तासाभरात ती आमच्या स्टॉपवर उतरली. दुसरी फेरी मारा भर पावसात, भिंतीला ओल कुठे चढते आणि अंगणात पाणी कुठून शिरतं ते मे महिन्यात कळणार नाही, घरमालक तर सांगणारच नाही. तिसऱ्यांदा कामाच्या दिवशी सकाळी या, म्हणजे खाणीचे ट्रक त्या रस्त्याने जातात का ते दिसेल, डिचोलीत हे बघावंच लागतं.

विकत घेणार असाल तर एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे महाराष्ट्रातल्या लोकांना सांगायचं तर आपला सातबारा समजा. पण वरचं नाव बघून खुश होऊ नका, कूळाचा रकाना बघा, इतर हक्कांचा रकाना बघा, मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत पिढ्यानपिढ्या घर करून राहणाऱ्याचं, घर त्या भाटात (माडांच्या बागायतीत) आहे का ते स्वतः फिरून बघा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड अजून चालतो, त्यामुळे विकणाऱ्याचं लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, आणि आजोबांच्या नावावरची जागा असेल तर सगळ्या वारसांच्या, त्यातला एक दुबईला आणि एक लंडनला. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची, जमीन कोणी "करून देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि भातशेतीचं स्वप्न बघून येणाऱ्यांनो, २०२३ च्या कायद्यापासून शेतकरी नसलेल्याला ती जमीन सहज घेता येत नाही, आणि मला विचाराल तर ते बरंच झालं, शेतं राहिली तर गाव राहील. वकील मात्र गोव्याचाच करा, बाहेरच्याला कूळ-मुंडकार हे प्रकरण समजायलाच सहा महिने जातात.

भाड्याने राहणाऱ्यांचं सोपं, पण पोलिसांकडचा भाडेकरूचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून टाका, मागे ठेवू नका.

आता ओळखीचं. इथे पहिल्या दिवशी कोणीतरी थांबवून विचारणार, तूं खंयचो, म्हणजे तू कुठला? हा प्रश्न चौकशीचा आहे पण वाईट अर्थाचा नाही, सरळ उत्तर द्या, कुठले, काय काम करता, घर कोणाचं घेतलंत. मी सुरुवातीला मोघम उत्तरं द्यायचो, शहरातली सवय, आणि त्यामुळे महिनाभर लोक माझ्याशी जपूनच बोलायचे. मग शेजारच्या काकींनी आईला विचारून सगळं काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दारात केळी येऊन पडायला लागली. देवस्थानची वर्गणी द्या, किती ते शेजाऱ्याला विचारून द्या, जास्त देऊन मोठेपणा दाखवू नका. घराचं काम काढणार असाल, बाव, म्हणजे विहीर, खणणार असाल तर आधी राखणदाराकडे, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाकडे, गाऱ्हाणं घालतात, तुमचा विश्वास असो नसो, नारळ घेऊन जा आणि हात जोडून उभे राहा. कामाला येणारे गडीही मग मोकळ्या मनाने येतात. आणि शिगम्याला (शिमग्याला) नाचणाऱ्यांचा मेळ दारात येतो तेव्हा घर बंद करून पणजीला जाऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतोय. तुमच्या अंगणात लोक नाचायला येतात, ते अंगण रिकामं नसावं.

मे महिना हा सगळ्यात कामाचा. जुनी माणसं याला पुरुमेंत म्हणतात, पावसाआधीची बेगमी. सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, नारळ, कांदे हे भरून ठेवायचंच, पण आताच्या पुरुमेंतात इन्व्हर्टरची बॅटरी, एक जास्तीचा सिलिंडर, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक हेही धरा. कौलं शाकारून घ्या, आणि त्यासाठी माणूस एप्रिलमध्येच सांगून ठेवा कारण मेच्या पंधरा तारखेनंतर तो सगळ्या गावाचा एकटाच असतो आणि तुम्ही रांगेत शेवटचे. पन्हळी साफ करा. घरावर वाकलेल्या फांद्या आणि माडाचे सुके नारळ-चुडतां (झावळ्या) उतरवून घ्या, लाईटच्या तारेजवळची फांदी मात्र स्वतः तोडू नका, वीज खात्याच्या लाईनमनला कळवा. बावीचं पाणी पहिल्या पावसानंतर गढूळ होतं, तेव्हा आठवडाभर तरी उकळूनच प्या. नळ आहे म्हणून बाव बुजवू नका हो, लाईट दोन दिवस नसली की टाकीत पाणी चढत नाही, मग दोरी आणि कळशीच. पहिल्या जूनमध्ये माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, तिसऱ्या रात्री रस्त्यात झाड पडलं तेव्हा मी अग्निशामक दलाला फोन लावत बसलो होतो आणि तेवढ्यात वाड्यातले चार जण कोयते आणि करवत घेऊन आले, अर्ध्या तासात रस्ता मोकळा. तेव्हापासून माझ्या दारामागे पण कोयता असतो आणि मी पण जातो.

तब्येतीचं नीट बसवून ठेवा. जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, रात्री उघडं असतं का, हे बरं असताना जाऊन बघा. मोठं काही असेल तर शेवटी बांबोळीचं गोमेकॉच, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, १०८ ला फोन केल्यावर घराची खूण सांगता आली पाहिजे, आमच्याकडे घर नंबर कोणाला माहीत नसतो, "वडाकडून डावीकडे, घुमटीच्या मागे" असंच सांगावं लागतं, ते घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या. साप चावला तर बांधाबांध, मंत्र, चिरा काही करू नका, हात-पाय न हलवता थेट हॉस्पिटल. सत्तरी तालुक्याच्या बाजूला राहणार असाल तर माकडतापाची माहिती घ्या, २०१५ पासून तिथे केसेस आहेत. तो गोचिडीमुळे होतो आणि नेमक्या काजूच्या दिवसात जोर धरतो, म्हणून बागायतीत जाताना अंगभर कपडे, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

रोजच्या खाण्याचं फारसं अडत नाही. सकाळी पोदेर (पाववाला) पोंपों करत येतो, नुस्त्याची (मासळीची) गाडी येते, भाजी डिचोलीच्या बाजारात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार महिन्यातून एकदा केला तरी पुरतो. फक्त दुपारी एक ते चार शहरात गेलात तर बरीच दुकानं बंद, बँकेचं आणि हार्डवेअरचं काम सकाळीच उरकायचं.

मतदार यादीत नाव इथे घ्या, फॉर्म ८ भरून. ग्रामसभा रविवारी असते आणि तिथे बोलायला गावचा मतदार असावं लागतं. टेकडी कापण्याचा विषय, कचऱ्याचा विषय, पाण्याचा विषय तिथेच निघतो. पहिल्या दोन सभांना नुसतं मागे बसून ऐका. नवा माणूस पहिल्याच दिवशी माईक घेऊन गाव कसं सुधारायचं ते सांगायला लागला की लोक ऐकून घेतात आणि पुढे त्याचं काहीच ऐकत नाहीत.

आणि सामान हलवायचं ते ऑक्टोबरमध्ये, मेमध्ये नाही. पाऊस सरलेला असतो, भिंती सुकत असतात, पुढच्या पावसापर्यंत सात-आठ महिने हातात मिळतात. ट्रक वाड्याच्या वळणावर वळतो का ते आधी बघा, नाहीतर टेम्पो करा. जमलं तर दिवाळीच्या आधी पोचा. नरकासुराचा पुतळा जाळून झाला की त्या सकाळी घराघरात पोहे असतात, गुळाचे, दुधाचे, ताकाचे, बटाट्याचे, आणि नव्या माणसालाही बोलावणं येतं. पहिल्या घरी पोट भरून खाऊ नका, अजून चार घरं असतात.