टुरिस्ट गाडीचं पासिंग: एक दिवस आधी नाही, पंधरा दिवस आधी लागा

पिवळ्या नंबर प्लेटची गाडी 8 वर्षांची झाली की पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, दरवर्षी, त्याआधी 2 वर्षांतून एकदा असतं. आमच्या घरी टुरिस्ट परमिटची सीएनजी गाडी आहे, ती आता दरवर्षीवाल्या गटात आलीय, म्हणून जे शिकलो ते लिहितोय.

सगळ्यात आधी सीएनजीचा सिलेंडर बघा. दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट करावीच लागते, सिलेंडर गाडीतून काढून पाण्याच्या प्रेशरवर तपासतात आणि सिलेंडरच्या टेस्टची नवीन प्लेट देतात, यात गाडी एक-दोन दिवस उभी राहते आणि धंदा बुडतो, त्यामुळे तारीख संपत आली असेल तर हे काम पहिलं उरका. आणि खरं सांगू, पासिंगसाठी म्हणून नाही, मागच्या सीटवर कुणाची तरी म्हातारी आई बसलेली असते, त्यासाठी करा.

मग ब्रेक. रिकाम्या सरळ रस्त्यावर 30-40 च्या स्पीडला दाबून बघा, गाडी एका बाजूला ओढतेय का. ओढत असेल तर चारही चाकं उघडून घ्या, नुसते पुढचे पॅड बदलून भागत नाही, मागच्या ड्रममधले लायनर पण बघायला सांगा. हँडब्रेक चढावर धरला पाहिजे. टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे 1.6 मिमी उरलं, टायर बदला.

लाइट संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून तपासा, दोन्ही झोत एका उंचीवर हवेत. मागच्या वर्षी आमची गाडी नंबर प्लेटवरच्या एवढ्याशा बल्बमुळे परत पाठवली, अख्खा दिवस गेला, तेव्हापासून एकजण आत बसतो आणि एकजण मागे उभा राहून एकेक लाइट ओरडून सांगतो. काळी फिल्म असेल तर काढा, 2012 पासून सुप्रीम कोर्टाची बंदी आहे. वायपर, हॉर्न, मागच्या सीटचे बेल्ट, रिफ्लेक्टर टेप, फर्स्ट एड बॉक्स हे चटकन होतं.

गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसून ठेवा, नाहीतर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतात तो ठसा नीट उठत नाही आणि तिथे उन्हात घासत बसावं लागतं.

इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, टॅक्स, स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट, सगळ्यांच्या तारखा बघा आणि ई-चलान थकलं असेल तर भरून टाका, मगच परिवहनच्या साइटवर अपॉइंटमेंट घ्या. पीयूसीला जाताना इंजिन चांगलं गरम करून जा, एअर फिल्टर साफ करून. पासिंगचं सर्टिफिकेट हातात आलं की गाडी नंबर, चेसिस नंबर आणि पुढची तारीख तिथेच वाचून घ्या, चूक असेल तर लगेच सांगता येते.