कोझुमेलला उतरण्याआधी: एका दिवसाची तयारी

भारतातून आई-बाबा आले की ह्यूस्टन-डॅलसकडच्या आपल्या घरांमधून गॅल्व्हस्टन बंदरातून सुटणाऱ्या क्रूझचा बेत हमखास निघतो. त्यात बहुतेक वेळा मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरचा एक दिवस असतो. आम्ही दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेचा दिवस गाडीत आणि रांगेत गेला, दुसऱ्या खेपेचा आईच्या अजूनही तोंडी असतो. फरक होता तो आधी केलेल्या तयारीचा.

आधी कागद-पेन घेऊन तास मोजा. वेळापत्रकात ‘आठ ते पाच’ लिहिलेलं असलं तरी नऊच्या नऊ तास आपल्याला मिळत नाहीत. धक्क्याला लागल्यावर कागदपत्रं होऊन लोक उतरेपर्यंत पाऊण तास जातो. परत चढायची शेवटची वेळ साडेचार असेल, तर म्हातारी माणसं बरोबर असताना साडेतीनला बंदरात हवंच. म्हणजे हातात उरले पावणेसात तास. बेत आखायचा तो एवढ्यातच.

हे तास कुठल्या घड्याळाने मोजायचे, तेही आदल्या रात्री जहाजावर विचारून ठेवा. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथलं घड्याळ 2015 पासून वर्षभर एकच चालतं, उन्हाळ्यात पुढे-मागे होत नाही. जहाज मात्र बऱ्याचदा निघालेल्या बंदराचीच वेळ पाळतं. हिवाळ्यात गॅल्व्हस्टनहून गेलात तर बेटावरची वेळ दाखवणारा मोबाइल जहाजापेक्षा तासभर पुढे धावेल, त्याने बिघडत काही नाही. पण उन्हाळ्यात फ्लोरिडाहून गेलात आणि जहाजाने वेळ बदलली नाही, तर मोबाइल तासभर मागे असेल. त्याच्या भरवशावर राहिलात तर जहाज डोळ्यांदेखत सुटेल. बाबांचं साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर तेच बघा.

कागदपत्रांचं सहलीचे पैसे भरण्याआधीच बघायला हवं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तो मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे मात्र बघा, कारण परतताना अमेरिकेत पुन्हा प्रवेश करायचा असतो. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनी पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टँपची तारीख तपासावी. ती उलटून गेली असेल तर क्रूझ कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या. उतरताना जहाजाचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवं. बेटावरच राहणार असाल तर मी पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवते आणि छायाप्रत घेऊन उतरते. समुद्र ओलांडून पलीकडे जाणार असाल तर तो अंगावरच्या पाकिटात हवा.

आता खरा प्रश्न, जायचं कुठे? फोटो बघून सगळ्यांना तुलुम हवं असतं. समुद्राकाठच्या कड्यावरचं ते माया या तिथल्या मूळ लोकांचं प्राचीन शहर सुंदरच आहे, पण ते कोझुमेलवर नाही. टॅक्सीने फेरीबोटीच्या धक्क्यावर जा, रांग लावा, मुख्य भूमीवरच्या प्लाया देल कार्मेनपर्यंत पाऊण तास बोट, पुढे तासभर रस्ता, मग तिकीट आणि चाल. जायला पावणेतीन-तीन तास, यायला तेवढेच. पहिल्या खेपेला आम्ही हेच केलं. भर दुपारी तिथे पोचलो आणि पाऊण तासात परत फिरलो. बाबा गुडघे धरून झाडाखालीच बसून राहिले. जायचंच असेल तर जहाजाचीच सहल घ्या, कारण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही. बरोबर वयस्क माणसं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: बेट सोडू नका.

बेटावर सान हेरवासियो हे माया लोकांच्या जुन्या देवळांच्या अवशेषांचं ठिकाण आहे. इश्चेल ही माया लोकांची बाळंतपणाची आणि औषधांची देवी. तिच्या दर्शनाला बायका मुख्य भूमीवरून होड्यांनी समुद्र ओलांडून इथे यायच्या, मूल व्हावं म्हणून साकडं घालायला. झाडीतून पांढऱ्या दगडी वाटा गेल्या आहेत, चौथऱ्यांवर घोरपडीसारखे इग्वाना ऊन खात पडलेले असतात. ‘लास मानितास’, म्हणजे इवले हात, या छोट्या वास्तूच्या भिंतीवर तांबड्या रंगात हातांचे ठसे आहेत. पुसट झालेत, पण जवळ गेलं की बोटं ओळखू येतात. आई तिथून हलेना. गावच्या घराच्या वास्तुशांतीला तिने भिंतीवर कुंकवाचे हात उमटवले होते, ते तिला आठवले. इथे सकाळी पहिल्यांदा जा, नंतर ऊन भाजतं. डासांचं मलम आणि मऊ तळाचे बूट विसरू नका.

पाण्यात उतरायचं असेल तर पश्चिम किनारा धरा. चांकानाब बागेत पायऱ्यांवरून थेट समुद्रात उतरता येतं. एल सिएलोला बोटीनेच जावं लागतं: कमरेएवढं पाणी, पांढरी वाळू आणि तळाशी तारामासे. त्यांना फोटोसाठी पाण्याबाहेर काढू नका, ते मरतात. सनस्क्रीन प्रवाळाला बाधतं, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. पूर्वेचा किनारा मोकळा आणि देखणा आहे, पण तिथले प्रवाह माणसाला आत ओढतात. तिथे लाटा बघाव्यात आणि परतावं.

पैशांत सगळ्यात मोठी फसगत चिन्हाची होते. पेसोलाही डॉलरचंच चिन्ह लावतात, म्हणून पाटीवर 250 दिसलं की आधी ‘पेसोस?’ असं विचारा. डॉलर चालतात, पण भाव पडतो. थोडे सुटे पेसो आधीच जवळ ठेवा. टॅक्सीला मीटर नसतो, ठिकाणानुसार दर ठरलेले असतात. बसण्याआधी दर माणशी की गाडीचा, एकेरी की दुहेरी, आणि थांबण्याचे वेगळे का, हे तिन्ही विचारून घ्या. तीन धक्क्यांपैकी पुंता लांगोस्ता बेटावरच्या सान मिगेल गावातच आहे, बाकीचे दोन दक्षिणेला काही किलोमीटरवर. आपलं जहाज कुठे लागणार हे कळलं की चालायचं की गाडी करायची ते ठरतं.

शाकाहारी माणसांसाठी स्पॅनिशमधले चार शब्द चिठ्ठीवर लिहून घ्या. राजमा-घेवड्यासारख्या फ्रिहोलेसमध्ये डुकराची चरबी असू शकते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’, म्हणजे मांस, कोंबडी, चरबी नको. मक्याचा तोर्तिया म्हणजे पोळी, ग्वाकामोले ही ॲव्होकाडोची चटणी आणि लिंबू, एवढ्यावर आईचं छान भागलं. सान मिगेलच्या मंडईत ‘चिकोसापोते’ विचारा. आपला चिकू मूळचा याच भागातला, नावही तिकडूनच आलेलं. जहाजावरची फळं किंवा सँडविच खाली नेऊ देत नाहीत, सीलबंद बिस्किटं आणि पाण्याची बाटली चालते. नळाचं पाणी पिऊ नका. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट न्या.

आणि हिवाळ्यात एक दुसरा बेत तयार असू द्या. ‘नोर्ते’ म्हणजे उत्तरेचा वारा सुटला की बंदर बंद होतं आणि जहाज न थांबता पुढे जातं. म्हणून बोट किंवा गाडी स्वतंत्र ठरवताना ‘जहाज लागलं नाही तर पैसे परत’ हे लेखी घ्या. आई-बाबांना ही शक्यता आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे सकाळी तयार होऊन बसल्यावर त्यांचा हिरमोड होणार नाही.