साथीच्या काळात प्रादेशिक बंदर आणि विमानतळ चालू कसे ठेवावेत

साथीसाठी आराखडा करायला बसलेले अधिकारी बहुधा वाहतूक किती टक्क्यांनी घटेल, या प्रश्नापासून सुरुवात करतात. प्रादेशिक बंदराच्या बाबतीत ही सुरुवातच चुकीची ठरते, कारण लहान बंदर किंवा विमानतळ मालाअभावी एका रात्रीत बंद पडत नाही. मोजकी चार-पाच माणसे एकाच वेळी विलगीकरणात गेली की मात्र नक्की पडते. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या निंगबो बंदरातील मेशान टर्मिनलमध्ये एका कामगाराला संसर्ग झाल्याचे आढळले आणि तेथील काम सुमारे दोन आठवडे थांबले. निंगबोकडे जहाजे वळवायला इतर टर्मिनल होती. ज्या बंदराला दोनच धक्के आहेत, त्याला ती सोय नाही.

म्हणून सर्वांत आधी माणसांचा तक्ता करावा. बंदराच्या बाजूने जहाज आत आणणारे पायलट, जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या टग बोटींचे तांडेल आणि क्रेनचालक, तर विमानतळाच्या बाजूने हवाई वाहतूक नियंत्रक, अग्निशमन दल आणि सुरक्षा तपासणी कर्मचारी यांची नोंद करून प्रत्येक पदापुढे तीन आकडे लिहावेत: परवानाधारक किती आहेत, एका पाळीला किमान किती लागतात आणि बदली माणूस तयार व्हायला किती दिवस जातात. तिसरा आकडा भरताना लोक हमखास आशावादी होतात. पायलटचा परवाना विशिष्ट बंदरापुरता आणि नियंत्रकाची पात्रता विशिष्ट मनोऱ्यापुरती असते, त्यामुळे शेजारून उसने आणलेले माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागू शकत नाही.

तक्ता झाला की पाळ्या नव्याने बांधाव्यात. ठरलेली माणसे ठरलेल्या गटातच राहतील, एका गटातून दुसऱ्यात कोणालाही पाठवले जाणार नाही आणि पाळी बदलताना दोन गट समोरासमोर येणार नाहीत, असे वेळापत्रक हवे. कामाची सूत्रे नोंदवही आणि दूरध्वनीवरून सोपवावीत. पायलटचे काम सर्वांत अवघड, कारण त्याला परक्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, जावेच लागते. जहाजाचे सागरी आरोग्य घोषणापत्र त्याने शिडीला हात लावण्यापूर्वी तपासलेले असावे, ब्रिजवर आवश्यक तेवढेच लोक असावेत आणि दारे उघडी असावीत. त्याला संरक्षक पोशाख देताना मात्र तारतम्य बाळगावे, कारण हलणाऱ्या दोरशिडीवर पायात अडकणारा सैल झगा विषाणूपेक्षा लवकर जीव घेऊ शकतो.

विमानतळावर हाच हिशेब अग्निशमन दलाला लागू होतो. विमानाच्या लांबी-रुंदीनुसार बचाव व अग्निशमन सेवेची श्रेणी ठरते; कर्मचारी कमी पडले की श्रेणी खाली आणावी लागते आणि धावपट्टी मोकळी असूनही नियमित सेवेचे मोठे विमान उतरवता येत नाही. किती माणसे गैरहजर असताना कोणती श्रेणी टिकते, हे आधीच लिहून ठेवून विमान कंपन्यांना कळवावे.

यानंतर माल. साथीत जहाजे येत राहतात, पण माल उचलणारे कारखाने आणि गोदामे बंद असतात, त्यामुळे यार्ड, म्हणजे कंटेनर ठेवण्याचे आवार, आतून तुंबते. २०२० च्या सुरुवातीला चीनच्या काही बंदरांत शीत कंटेनरांना वीज देणारे प्लग संपले आणि असे कंटेनर दुसरीकडे वळवावे लागले. म्हणजे यार्डाची खरी मर्यादा जागेत नव्हे, प्लगच्या संख्येत असू शकते. ती संख्या मोजावी आणि किती प्लग भरल्यावर नवे कंटेनर नाकारायचे, हे ठरवावे. हवाई मालाचे गणित उलटे आहे. साथीपूर्वी जगातील सुमारे निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जात असे. २०२० मध्ये प्रवासी जवळपास ६० टक्क्यांनी घटले, तेव्हा ही जागाही आटली. त्यामुळे औषधे आणि लसी घेऊन येणाऱ्या मालवाहू विमानासाठी उभे राहण्याची जागा, भारवाहक यंत्रे आणि शीतगृह राखून ठेवावे.

बंदर आणि विमानतळ यांचा आराखडा एकत्र करण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे खलाशांची अदलाबदल. २०२० च्या अखेरीस करार संपूनही सुमारे ४ लाख खलाशी जहाजांवर अडकले होते. जहाजातून उतरलेला माणूस तपासणी, ठरलेले वाहन आणि राखीव कक्ष या मार्गाने थेट विमानापर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्था आरोग्य, सीमाशुल्क आणि स्थलांतर विभागांच्या सह्यांनिशी लेखी करावी. तोंडी संमती टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यातच निरुपयोगी ठरते.

काम पुन्हा सुरू करणे हा स्वतंत्र टप्पा मानावा. उभ्या विमानांच्या वेगमापक नळ्यांत कीटक घरे करतात, वापर थांबलेल्या धावपट्टीलगत पक्षी वस्ती करतात आणि बंद इमारतीच्या नळांत साचलेल्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. यासाठी तपासणीची यादी बंद करतानाच तयार करावी आणि पहिल्या उड्डाणापूर्वी प्रत्येक बाबीवर जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी.