कोरोनल लूपचं टेंपरेचर काढताय? मग या चुका टाळा

कोरोनल लूप म्हंजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातली, कोरोनातली, गरम प्लाझ्माची (वीजभारित वायूची) कमान. प्रोजेक्टच्या वेळी परभणीत भर मे महिन्यात, कूलरपुढं बसून मी पहिला रेशो प्लॉट काढला, नासाच्या सूर्य पाहणाऱ्या एसडीओ यानावरच्या एआयए दुर्बिणीचं 193 भागिले 171 (हे आकडे म्हंजे चॅनलची तरंगलांबी, अँगस्ट्रॉममधी; दोन चॅनलच्या उजेडाच्या भागाकारावरून टेंपरेचर काढतात), आन् लूपच्या पायथ्यापासून शेंड्यापर्यंत टेंपरेचर एकदम सपाट आलं, 12 लाख केल्विनच्या आसपास. दोन दिवस लई खुशीत होतो. ते चूक होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, बॅकग्राउंड वजा न करणं. कोरोना पारदर्शक आहे, त्यामुळं लूपच्या मागचा-पुढचा सगळा उजेड त्याच पिक्सेलमधी जमा होतो, आन् लूपचा स्वतःचा वाटा बऱ्याचदा 10 ते 30 टक्केच असतो. म्हणून लूपला आडवी रेघ मारा, दोन्ही बाजूंना जिथं लूप नाही तिथला उजेड घ्या, त्या दोन टोकांमधून सरळ रेषा काढा आन् ती वजा करा, आणि दोन्ही चॅनलला जागा तीच ठेवा. वजा केल्यावर जिथं उरलेला सिग्नल नॉइजएवढाच दिसतो तो तुकडा सोडून द्या, ओढूनताणून आकडा काढू नका.

दुसरं, एकच टेंपरेचर धरून चालणं. बंबातलं उकळतं आन् हौदातलं गार पाणी एका बादलीत घेतलं तर हाताला कोमटच लागणार ना, रेशोचं पण तसंच आहे. 1998 साली सोडलेल्या ट्रेस दुर्बिणीच्या 171 आणि 195 च्या रेशोतून पण असंच 12 लाखाचं सपाट उत्तर निघायचं, नंतर लक्षात आलं की गरम-गार प्लाझ्मा भरपूर मिसळलेला असला की रेशो आपोआप तिथंच येऊन बसतो. म्हणून लोखंडाच्या आयनांचा उजेड टिपणारे सहाही चॅनल (94, 131, 171, 193, 211, 335) घेऊन डीईएम, म्हंजे कोणत्या टेंपरेचरला किती प्लाझ्मा आहे याचा आलेख, काढा, आन् एरर बार लावल्याशिवाय कुणाला दाखवू नका, कारण सहा आकड्यांत बसणारे डीईएम एकापेक्षा जास्त निघतात.

94 मधी लूप चमकला की पोरं लगेच "70 लाख केल्विन!" म्हणतात. थांबा जरा. त्या चॅनलमधी 10 लाखाच्या आसपासच्या लोखंडाच्या वर्णपट रेषा पण येतात. 131 चं पण तेच, एकीकडं 4-5 लाख आन् दुसरीकडं 1 कोटी. तोच लूप 171 मधी पण तसाच दिसत असेल तर तो गारच समजा.

बाकी छोट्या गोष्टी, पण रात्र वाया घालवतात. एक्सपोजर टाइमनं भागायचं राहतं. लेव्हल 1 चा डेटा तसाच वापरला तर चॅनल एकमेकांवर नीट बसत नाहीत, आधी लेव्हल 1.5 (सगळ्या चॅनलची चित्रं एकाच स्केलवर, एकाच दिशेला आणलेली) करून घ्या. आणि 2010 पासून दुर्बिणीची सेन्सिटिव्हिटी घटत आलीय, 304 (हेलियमचा चॅनल) आन् 335 ची जास्तच, तर तारखेप्रमाणं डिग्रेडेशन करेक्शन लावा, नाहीतर 2012 चा आन् 2022 चा लूप शेजारी ठेवून काढलेला फरक सूर्याचा नसून दुर्बिणीचा असेल.